खंडेनवमीची बॅच

"बॅच टाकून गावाला गेली म्हणे. त्यांचं असतं ना दसऱ्याला काहीतरी."

ऑटोक्लेव्हचा, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या कुकरचा, काटा खाली यायची वाट बघत मी आतल्या खोलीत उभी होते. वाफ पूर्ण गेल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नसतं. त्यामुळे तिथे बराच वेळ नुसतं उभं राहावं लागतं, आणि नुसतं उभं राहिलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. दाराच्या पलीकडे, वजनकाट्यापाशी, पहिल्या वर्षाच्या दोन मुली काहीतरी तोलत होत्या. फर्मेंटरवरची माझी बॅच वाया का गेली, असं एकीने विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

"म्हणजे काय असतं?"

"अगं, ते पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातात ना. ते."

"मग बॅच कुणी बघायची?"

"तेच तर."

आवाजात खोच नव्हती. आज मेसला भेंडी आहे, अशा सुरात ती बोलली. खोच असती तर बरं झालं असतं, राग धरायला समोर एक माणूस मिळाला असता. पण हे विभागात ठरून गेलेलं होतं, आणि या मुलींपर्यंत ते माहिती म्हणून पोचलं होतं.

काटा शून्यावर आला. मी झाकण उघडलं, फ्लास्क ट्रेमध्ये ठेवले आणि त्यांच्या समोरून गेले. एकीने घाईघाईने विचारलं, "ताई, हा पीएच मीटर नीट दाखवतो ना?"

"हो," मी म्हणाले.

मी मुळातच कमी बोलते. इंदापूरला इंग्रजी शाळेत होते, तिथे मराठीत बोललं की बाई वर्गासमोर उभं करायच्या. घरी इंग्रजीत बोललं की चुलत भावंडं हसायची. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं पडलं. पुढे लोक त्याला शांत स्वभाव म्हणायला लागले. शांत मुलीबद्दल लोकांची एक समजूत असते, की तिच्या डोक्यावर काहीही ठेवलं तरी ती ते न सांडता चालत राहील.

बारामतीत एमएस्सीला मी इंडस्ट्रियल बायोटेक्नॉलॉजी घेतलं तेव्हा वडिलांनी नातेवाइकांना 'कारखान्यातलं सायन्स' असं सांगितलं. आईने शेजारणीला सांगितलं ते जास्त नेमकं होतं. "जंतूंकडनं काम करून घ्यायचं शिकतीया."

तेच आहे ते. जंतूला खायला द्यायचं, हवा द्यायची, ऊब द्यायची, आणि तो त्याच्या कामासाठी जे बनवतो ते आपण काढून घ्यायचं. माझा जंतू कोबीवरचा होता. कोबीला एक कूज लागते. पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण पसरत जातो आणि त्यातल्या शिरा काळ्या पडतात. हा रोग ज्या जीवाणूमुळे होतो, तोच जीवाणू साखर खाऊन चिकट डिंक तयार करतो. आइस्क्रीम, सॉस, टूथपेस्ट दाट करायला तो डिंक वापरतात. मला तो मळीवर वाढवायचा होता. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जी काळी, चिकट मळी उरते, तिची आमच्या भागात काही कमी नाही.

असे जीवाणू विकत मागवता येतात. पण मला आपला हवा होता. म्हणून प्रोजेक्ट ठरल्यावर मी बावड्याला चुलत्यांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. थोड्या उसाशेजारी त्यांनी कोबी केला होता.

"तात्या, रोग पडलेला कोबी आहे का?"

तात्यांनी काकूकडे बघितलं. "सगळं जग चांगला गड्डा मागतं, आन् आमची लेक सडका मागतीया."

"ने बाई, ढीगभर ने," काकू म्हणाली. "पायजे तर टेंपो लावून देते."

"यवढं शिकून रोगच गोळा करायचा व्हता, तर हितंच ऱ्हायची की," तात्या म्हणाले, आणि मग स्वतःच वाफ्यात शिरून सगळ्यात वाईट पानं शोधायला लागले. हे बघ, ह्येच्यापेक्षा ह्ये वंगाळ हाय, असं म्हणत त्यांनी माझी पिशवी भरली. एखादं पान कमी रोगट निघालं की ते बाजूला टाकत होते.

त्या पानांमधून तो निघाला. खाद्य ओतलेल्या काचेच्या प्लेटवर पिवळ्या, चकचकीत, ओघळतील अशा त्याच्या वसाहती, कॉलनी, आल्या. तारेच्या टोकाने उचलल्या की मधासारखी तार सुटायची. त्या दिवशी ती प्लेट मी कितीतरी वेळा उजेडाकडे धरून बघितली. विभागात बाकी सगळ्यांचे जीवाणू कुरियरने आले होते. माझा एसटीने आला होता.

फ्लास्कमध्ये तो मळीवर चांगला वाढला. पुढचं काम फर्मेंटरवर होतं. फर्मेंटर म्हणजे काचेचं मोठं भांडं, वर मोटर, आत ढवळणारी पाती, खालून बुडबुड्यांनी येणारी हवा. आमच्याकडे चालू स्थितीतला एकच आहे, त्यामुळे प्रत्येकाचा नंबर लागतो. आणि त्याचा एक नियम आहे, तो पहिल्याच दिवशी सांगतात. मशीन बिघडलं किंवा वीज गेली तर नंबर परत मिळतो. पण बॅच कंटॅमिनेट झाली, म्हणजे बाहेरचे जंतू शिरून खराब झाली, तर ती विद्यार्थ्याची चूक. त्याचा नंबर संपला. मग उरलेल्या प्रोजेक्टमध्ये फ्लास्कचेच आकडे लिहायचे, आणि फ्लास्कच्या आकड्यांवर एमआयडीसीतली कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही.

पहिल्या दोन बॅचमध्ये मी हवा किती आणि ढवळणं किती ते बसवलं. तिसरी खरी होती. माझा नंबर नेमका नवरात्रात आला.

"सर, मधे दसरा येतोय," मी माझ्या गाइडना म्हणाले.

"मग? जंतूंना काय सुट्टी असते का?" सर हसले. "तू लाव. कुणीतरी सॅम्पल काढेल."

ते कुणीतरी म्हणजे माझी रूममेट. आमच्यात तशी पद्धत आहे, एकमेकांच्या बॅचला एकमेकांनी बघायचं. तिच्या बॅचला मी गेल्या सहामाहीच्या परीक्षेत अभ्यास सोडून बसले होते. फर्मेंटरवर माझ्यानंतर तिचाच नंबर होता.

सप्तमीला बॅच लावली. नवमीच्या सकाळपर्यंत भांड्यातलं पाणी तांदळाच्या पेजेसारखं दाट झालं होतं. मोटरचा आवाज बदलला होता, तिला जोर लावावा लागत होता. दाटपणा येतोय म्हणजे डिंक बनतोय. मी सकाळचं सॅम्पल काढलं, भांड्याच्या वर, डिस्प्लेशेजारी कागद चिकटवला, 'बॅच चालू आहे, बंद करू नये', खाली माझं नाव आणि फोन नंबर लिहिला, आणि इंदापूरची गाडी पकडली.

दसऱ्याला आमच्या घरी सकाळी लवकर पांढऱ्या साड्या निघतात. विहारात वंदना होते, लहान मुलं भाषणं करतात आणि मध्येच विसरतात, मग खीर. बावड्याहून तात्या-काकू आले होते. तात्यांनी विचारलं, "माझा कोबी काय म्हणतो?" मी म्हणाले, "दाट झालाय." ते सगळ्यांना सांगत सुटले की कोबी दाट झालाय, आणि कुणालाच काही कळलं नाही.

संध्याकाळी मी रूममेटला मेसेज केला, सगळं ठीक ना? तिने अंगठा पाठवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले. सणसरला गाडी भरली, उभं राहायलाही जागा उरली नाही. तरी मी खुशीत होते. विभागाच्या जिन्यातच फर्मेंटरचा आवाज ऐकू येतो, इतकी त्याची सवय झालेली असते की तो बंद असला तरच लक्षात येतो. त्या दिवशी लक्षात आला.

मोटरला झेंडूची माळ होती. डिस्प्लेवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता चिकटून वाळलेल्या. हवेच्या नळीला सुद्धा एक फूल खोचलेलं होतं. भांड्याला हात लावला तर ते गार होतं. आत खाली काळा गाळ बसलेला, वर ती पेज न हलता थिजलेली. माझा कागद शेजारच्या टेबलावर सापडला. त्याच्यावर खोबऱ्याचे तुकडे ठेवले होते आणि तेलाने माझं नाव पारदर्शक झालं होतं.

लॅबमधले मामा स्टुलावर बसून टेस्ट ट्यूब धुण्याच्या तयारीत होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात.

"मामा, मशीन कुणी बंद केलं?"

"म्या. खंडेनवमीची पूजा व्हती की."

"बॅच चालू होती. कागद लावला होता मी."

"वाचला की. सरास्नी दावला. सर म्हणलं, सगळी बंद करा, दसरा झाला की चालू करू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् ताई, चालत्या मशीनला हळदकुंकू लावत्यात व्हय? औताला जुपलेला बैल कोण पुजतं? आदी सोडायचा, मग धुवायचा, मग पुजायचा. ईसावा नको त्याला?"

"पण आत जिवंत होतं, मामा."

"मला ते गुळवण्यावानी दिसलं," मामा म्हणाले. मग ब्रश उचलून, पाठमोरे होऊन, "माझ्यावर ढकलू नगा. आदीच सांगून ठिवतो."

औजाराला विसावा द्यायचा, हे मला कळतं. बैल सोडल्यावर मरत नाही, हेही कळतं. माझ्या जीवाणूला हवा लागते. हवा बंद आणि ढवळणं बंद, त्यात त्याने स्वतःच भोवती दाट डिंक करून ठेवलेला. तो त्यातच गुदमरला. हे मला समजत होतं तसं, एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून हेच शिकवणाऱ्या सरांनाही समजत होतं. कागद वाचून समजत होतं. त्यांना एवढंच करायचं होतं, की त्या एका मशीनचं बटण सोडून बाकीच्यांना विसावा द्यायचा. पण मग फोटोत माळ नीट आली नसती. फोटो चांगले आले होते. विभागाच्या ग्रुपवर मी ते घरीच बघितले होते, आणि माळांच्या गर्दीत फर्मेंटरचा दिवा विझलेला आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी गाळातलं सॅम्पल प्लेटवर पसरवलं. बाहेरचा एखादा जंतू शिरला असेल तर तो उगवून येतो, लपत नाही. दोन दिवसांनी प्लेटवर थोड्याशाच कॉलनी आल्या, आणि सगळ्या पिवळ्या. माझ्याच. दुसरं काहीही नाही. ती प्लेट मी टेपने बंद करून फ्रीजमध्ये ठेवली.

रूममेटशी बोलणं हॉस्टेलवर झालं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू होतीस ना पूजेला?"

"अगं, सगळेच होते."

"मग?"

"मग काय? सर नारळ फोडतायत, मॅडम लोक साड्या नेसून आल्यात, तिथे मी मध्येच काय म्हणू? सर, थांबा, आधी हिची बॅच?"

"मला फोन तरी."

"तू सणाला घरी होतीस. तुझा मूड कशाला घालवायचा?" तिने ओढणीची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. "आणि येऊन तू काय करणार होतीस?"

मी येऊन मशीन चालू केलं असतं. दीड तासाचा तर रस्ता आहे. ती म्हणाली, "जाऊ दे ना, तुझ्याकडे फ्लास्कचा डेटा आहे." नंतर तिने विचारलं, की मळी गाळायला मी कुठलं कापड वापरते. तिला पुढच्या आठवड्यात लागणार होतं. मी ते कापड काढून दिलं.

मग सरांची केबिन.

"बस, बाळा. झालं ते वाईट झालं," सर म्हणाले. "आता रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते बघू. पूजेसाठी बंद केलं, असं सायन्समध्ये लिहिता येतं का? बाहेरचे लोक हसतील आपल्याला. कंटॅमिनेशन लिही. सगळ्यांचं होतं कधी ना कधी."

"सर, प्लेटवर फक्त माझाच जीवाणू आला."

"प्लेटचं काय घेऊन बसलीस." त्यांनी चष्मा काढला. "बरं, मग काय लिहू या? मामांनी बटण दाबलं? कॉन्ट्रॅक्टवर आहेत ते. तुझ्या एका बॅचसाठी त्यांची नोकरी घालवायची का? सांग तू."

मी काय सांगणार होते? त्यांनी स्वतःची जागा इतक्या सफाईने रिकामी केली होती, की तिथे आता एका बाजूला मामा होते आणि दुसऱ्या बाजूला मी.

"आणि एक बोलू? रागावू नकोस," सर म्हणाले. "बॅच चालू असताना जायलाच पाहिजे होतं का? थोडं सिरियसली घ्यायला शिका. सण काय, दरवर्षी येतात."

दसऱ्याच्या दिवशी सर त्यांच्या गावी होते. शेतातल्या आपट्याच्या झाडाखाली सगळ्या कुटुंबाचा फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला होता, सोनं घ्या सोन्यासारखं राहा, आणि मी त्याला हात जोडलेलं चिन्ह पाठवलं होतं. पूजा झाल्यापासून दसरा संपेपर्यंत विभागाला कुलूप होतं. रूममेट पूजेनंतर माळेगावला मावशीकडे गेली होती. मामा त्यांच्या वस्तीवर. अख्खी बारामती त्या दिवशी कुठे ना कुठे गेलेली असते. त्यातून एकटी मीच 'गावाला गेले', बाकीच्यांना सुट्टी होती. त्यांचा तो दसरा आणि माझं ते 'काहीतरी'.

"ठीक आहे, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात मी कठडा धरून उभी राहिले. खालून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "बरं नाही का?" मी हसले. मला हसता येतं अशा वेळी. या हसण्याचा मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त राग येतो.

पुढच्या काही आठवड्यांत माझी बॅच कंटॅमिनेट होत गेली. आधी ती पूजेत गेली होती. मग 'त्या गडबडीत' गेली. मग 'काहीतरी कंटॅमिनेशन झालं' असं झालं. मग मी गेल्यामुळे झालं. प्रत्येक वेळी सांगणारा माणूस वेगळा आणि सूर काळजीचा. लायब्ररीत एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की पुढच्या वेळी जाण्याआधी एअर फिल्टर नीट बघत जा. फर्मेंटरवर रूममेटची बॅच लागली. मोटरचा आवाज पुन्हा जिन्यात यायला लागला आणि मी मागच्या दाराने ये-जा करायला लागले.

रविवारी मी घरी फोनवर सांगितलं. वडील इंदापुरात शाळेत शिक्षक आहेत. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "सर म्हणतात तसं लिही आणि डिग्री घेऊन मोकळी हो. आपण कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. माझी सगळी नोकरी अशीच गेली, नीट गेली."

नीट गेली. त्यांच्या शाळेत हजेरीपटापासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत सगळी कामं माझ्या वडिलांकडे असतात, आणि सत्काराच्या वेळी ते खुर्च्या लावत असतात. हे मी लहानपणापासून बघितलं आहे. तो शब्द कानात खड्यासारखा बसला.

आईने फोन घेतला. "तुमी गप बसा वो. व्हय गं, तू त्येंला तोंडावर म्हणालीस का, म्या न्हाय बंद केलं म्हणून?"

"नाही."

"का?"

"ते मामांची नोकरी जाईल म्हणतात."

"मामाला बटण दाब म्हणून कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"मग मामाची नोकरी सरांच्या हातात हाय का तुझ्या?" आई थांबली. "तू आतल्या आत जळतीस, आन् त्यो तितं गार बसलाय. त्येला कसं कळायचं तुला राग आलाय त्ये?"

आई म्हणाली, जेव, आणि फोन ठेवला.

सहामाहीच्या शेवटी प्रोजेक्टचं सादरीकरण असतं. बाहेरच्या विद्यापीठातून एक परीक्षक येतात, आणि कुणाला पुढे फर्मेंटरवर काम द्यायचं ते त्यांच्यासमोर ठरतं. माझ्या स्लाइड मी सरांना पाठवल्या होत्या. तिसऱ्या बॅचच्या जागी मी फक्त आकडे ठेवले होते, नवमीच्या सकाळपर्यंतचे, आणि खाली जागा मोकळी सोडली होती. परत आल्या तेव्हा त्या जागेत सरांनी एक ओळ घातली होती, की कंटॅमिनेशनमुळे बॅच टाकून देण्यात आली. ठळक अक्षरांत, लाल रंगात. मी ती ओळ पुसली. मग पुन्हा घातली. मग तशीच ठेवून झोपले.

परीक्षक मॅडम पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. पंख्याखाली बसल्या तर कागद उडतात म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडे सरकवून घेतली. शेजारी सर. मागे वर्ग. मामा चहाचे कप ठेवत होते. माझ्याआधी रूममेटचं झालं. तिची बॅच चांगली आली होती, आणि ती मळी गाळण्याच्या पद्धतीबद्दल छान बोलली.

मी इंग्रजीत सुरुवात केली. इंग्रजीत मला अडखळायला होत नाही, शाळेने तेवढं केलं आहे. कोबीची पानं, पिवळ्या कॉलनी, मळी, फ्लास्क. मॅडमनी एकदा मान हलवली. पहिली बॅच, दुसरी बॅच. मग ती लाल ओळ पडद्यावर आली आणि मी घाईने पुढे गेले.

"मागे जा," मॅडम म्हणाल्या. "ती तिसरी दाखव."

मी मागे गेले.

"इथपर्यंत आकडे फारच चांगले आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी इंग्रजी सोडलं होतं. "दाटपणा वाढत होता. मग कंटॅमिनेशन एकदम कुठून आलं? कुठला जंतू होता, बघितलास?"

मी सरांकडे बघितलं नाही. पण सरच बोलले.

"मॅडम, काय झालं, त्यांचा सण होता. त्यामुळे ती बॅच चालू ठेवून गावाला गेली. मुलगी हुशार आहे, पण या वयात मुलं जरा बेफिकीर असतात. आम्ही समज दिलीय." ते हसले. मागे कुणीतरी हसलं. "पुढच्या बॅचला तिचं नाव घेतलेलं नाही. नियम आहे आपला."

मॅडमनी पेन उचललं. खाली बघून त्या लिहायला लागल्या. मला त्यांच्या पेनाचं टोक दिसत होतं.

"मॅडम, ते लिहू नका," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. चहाचे कप ठेवणारा हात थांबला. "बॅच कंटॅमिनेट झालेली नाही. तिची प्लेट फ्रीजमध्ये आहे, आत्ता आणून दाखवते, तिच्यावर माझ्या जीवाणूशिवाय काही नाही. खंडेनवमीच्या पूजेला फर्मेंटर बंद केला आणि दसरा होईपर्यंत बंदच ठेवला. हवा नव्हती म्हणून तो मेला. बंद करा असं सरांनी सांगितलं होतं, बॅच चालू आहे हे वाचून सांगितलं होतं. मामांनी फक्त ऐकलं. आणि मी गावाला गेले होते, सर, तसे तुम्हीही गेला होतात. दसरा सगळ्यांनाच होता. माझा नंबर मला परत द्या. मला ही बॅच पुन्हा लावायची आहे."